रस्त्याचें गणित आणि त्याचा ताळा

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा हमरस्ता पारनेर तालुक्यांत शिरला म्हणजे वाटेंत सुपा हें गांव लागतें. शिवकालीन पुणें-सुपें जहागिरीच्या नांवांत येणारें सुपें तें बारामतीकडचें. हें सुपा निराळें. येथें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत झाल्यापासून अवजड मालमोटारींची वर्दळ फार वाढली आहे. वाटसरूच्या दृष्टीस हा रस्ता म्हणजे काळ्या डांबराचा एक पट्टा दिसतो. परंतु जें दिसतें तो रस्त्याचा केवळ माथा होय. त्याचें खरें बळ खालीं, डोळ्यांआड असतें. तें बळ किती असावें हें आज संगणकाच्या साह्यानें ठरवितात. संगणकास हें काम सांगणारी जी आज्ञावली, तिला सॉफ्टवेअर म्हणतात. ती कशी सिद्ध होते आणि सिद्ध झाल्यावरहि तिची निगा कां राखावी लागते, हें सामान्य माणसानेंहि समजून घेण्यासारखें आहे. कारण तींतील चुकीचा दंड शेवटीं त्यालाच भरावा लागतो.

चिखलांत उभा राहणारा मनुष्य पायाखालीं फळी टाकतो. त्याचें वजन कमी होत नाहीं, परंतु तें अधिक जागेवर पसरतें व पाय रुतत नाहींत. रस्त्याची रचना याच तत्त्वावर आहे. सर्वांत खालीं दाबून बसविलेली माती, तिच्यावर मुरूम व खडी यांचे थर, आणि माथ्यावर डांबरमिश्रित खडीचे थर. चाकाचा भार प्रत्येक थरांतून पसरत पसरत मातीपर्यंत हलका होऊन पोंचला पाहिजे. थर पातळ पडले तर माती दबते व रस्त्यास चाकोऱ्या पडतात. थर गरजेहून जाड केले तर लोकांचा पैसा मातींत जातो. या दोहोंच्या मधला मार्ग काढणें, हेंच थररचनेचें गणित.

या गणितांतील पहिला अंक मातीचा. दख्खनच्या पठारावर उंचवट्याला मुरूम लागतो आणि सखल भागीं काळी माती. ही काळी माती कापसाला व ज्वारीला माउली, पण रस्त्याला वैरीण. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. तिची शक्ति मोजण्याची रीत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत निघाली, म्हणून त्या मापाला कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो, संक्षेपानें सी. बी. आर., असें नांव पडलें. मातीचा नमुना साच्यांत ठोकून बसवितात, चार दिवस पाण्यांत बुडवून ठेवतात, आणि मग त्यांत ठराविक आकाराचा दट्ट्या खुपसावयास किती जोर लागतो तें पाहतात. प्रमाण म्हणून धरलेल्या खडीस जो जोर लागतो, त्याच्याशीं तुलना करून शेकडेवारी काढतात. भिजलेल्या काळ्या मातीचा अंक पुष्कळदां २ किंवा ३ च्या आसपासच राहतो. चांगल्या मुरमाचा त्याहून पुष्कळ अधिक येतो. वर्दळीच्या रस्त्याखालीं हा अंक निदान ५ असावा असा दंडक आहे. म्हणून काळी माती काढून दुसरी घालावी लागते किंवा तींत चुना मिसळून ती सुधारावी लागते.

दुसरा अंक वाहतुकीचा. मोटारी किती गेल्या, एवढें मोजून भागत नाहीं; प्रत्येक आंसावर भार किती, हें पाहावें लागतें. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून भरलेल्या मोटारी अहोरात्र फिरविण्यांत आल्या. त्या प्रयोगावरून असें दिसून आलें कीं, रस्त्याची हानि आंसावरील भाराच्या सुमारें चौथ्या घाताप्रमाणें वाढते. भार दुप्पट झाला तर हानि दुप्पट नव्हे, सोळापट होते. आपल्याकडे ८.१६ टनांचा आंस प्रमाण धरतात. दुहेरी चाकांच्या एका आंसास १०.२ टनांची परवानगी होती. ती २०१८ सालीं ११.५ टन करण्यांत आली. पहिल्या भारानें प्रमाण आंसाच्या सुमारें २.४ पट हानि होत असे. दुसऱ्यानें ती सुमारें ३.९ पट होते. भार आठवा हिस्सा वाढला, पण हानि दीडपटीहून अधिक झाली. परवानगीहून जास्त माल भरणारा मालक रस्त्याचें आयुष्य किती झपाट्यानें खातो, हें यावरून कळेल.

हिंदुस्थानांत रस्त्यांचा शास्त्रीय विचार सुरू होण्यास एका महाराष्ट्रीय विद्वानाचा हातभार लागला. १९२७ सालीं सरकारनें बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले तेच हे जयकर. त्यांच्या समितीच्या शिफारशींतून रस्त्यांसाठीं स्वतंत्र निधि उभा राहिला आणि १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. डांबरी रस्त्यांच्या थररचनेविषयीं या संस्थेची जी संहिता आहे तिचा क्रमांक ३७. ती प्रथम १९७० सालीं निघाली. त्या वेळीं मातीचा अंक व रोजच्या मोटारींची संख्या घेऊन आलेखावर बोट ठेवलें कीं एकूण जाडी मिळे.

ही रीत सोपी खरी, परंतु ती अनुभवावर उभी होती, कारणावर नव्हे. कारणाचा शोध आधींच लागलेला होता. बूसिनेस्क या फ्रेंच गणितज्ञानें १८८५ सालीं एकजिनसी जमिनींत भार कसा पसरतो तें दाखविलें, आणि १९४३ सालीं बर्मिस्टर यानें थराथरांच्या जमिनीचें गणित मांडलें. मात्र तीन-चार थर झाले कीं तीं समीकरणें हातानें सोडविणें जवळजवळ अशक्य. तें काम संगणकानें शक्य केलें. केंद्र सरकारच्या संशोधन-योजनेंत खरगपूरच्या आय. आय. टी.नें एफपेव्ह ही आज्ञावली तयार केली. २००१ च्या संहितेनें तिचा आधार घेतला. तीच सुधारून झालेली आयआयटीपेव्ह २०१२ च्या संहितेबरोबर आली, व २०१८ च्या आवृत्तींतहि तीच चालू राहिली.

अभियंता तिला प्रत्येक थराची जाडी, त्याचा ताठपणा, चाकाचा भार व टायरमधील दाब सांगतो. ती विशेषेंकरून दोन गोष्टी काढून देते: डांबरी थराच्या तळाशीं पडणारा ताण आणि मातीच्या माथ्यावर पडणारा दाब यांमुळें तेथें किती विकृति होते, म्हणजे तो भाग आपल्या मूळ लांबीच्या मानानें किती ताणला वा चेपला जातो. पहिली वाढली कीं रस्त्यास भेगा पडतात; दुसरी वाढली कीं चाकोऱ्या. मातीवरील विकृति दुप्पट झाली, तर संहितेच्या सूत्राप्रमाणें रस्त्याचें आयुष्य सुमारें तेविसाव्या हिश्श्यावर येतें. वीस वर्षांसाठीं बांधलेला रस्ता एका वर्षांत खचावा, असा हा हिशेब आहे.

आतां ताळ्याची गोष्ट. समजा, मातीचा नमुना मुरमाड उंचवट्यावरून घेतला व अंक ८ आला; परंतु रस्ता पुढें काळ्या रानांतून जातो, आणि तेथें अंक २ आहे. संहितेच्या सूत्रानें पहिल्या मातीचा ताठपणा सुमारें ६७ मेगापास्कल, तर दुसरीचा अवघा २०. आज्ञावलीस शेत दिसत नाहीं. तिला ८ सांगितले तर ती ८ धरून बिनचूक हिशेब करील, आणि उत्तर साफ चुकीचें येईल. तीच गत मापांची. जाडी मिलिमीटरांत मागितली असतां सेंटिमीटरांत दिली, किंवा न्यूटनांच्या जागीं किलोन्यूटन दिले, तर एक शून्य किंवा तीन शून्यें इकडचीं तिकडे होतात, आणि तो घोटाळा छापील उत्तराच्या डौलामागें लपून राहतो.

म्हणून आज्ञावली लिहून झाली कीं काम संपलें, असें होत नाहीं. ज्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक आहेत अशीं उदाहरणें तिच्याकडून सोडवून घ्यावीं लागतात. संहिता बदलली कीं तींतील सूत्रें बदलावीं लागतात. संगणक बदलले कीं ती नव्या यंत्रावर चालती ठेवावी लागते. तालुक्याच्या कचेरींत अडलेल्या कनिष्ठ अभियंत्यास कोणता अंक कोठें व कोणत्या मापांत भरावा, हें सोप्या भाषेंत सांगणारी पुस्तिका आणि शंकेचें उत्तर देणारें माणूस लागतें. हें काम दिसत नाहीं, म्हणून त्याचा गौरवहि होत नाहीं. परंतु त्यावांचून उत्तम आज्ञावलीहि आंधळ्याच्या हातीं दिलेल्या आरशासारखी व्यर्थ होय.

आणि कांहीं गोष्टी कोणत्याच आज्ञावलीच्या हातीं नाहींत. कडेचा चर बुजला, मोरी तुंबली, दबाई अपुरी झाली, तर पाणी थरांत मुरतें आणि कागदावरचें गणित तसेंच राहून रस्ता मात्र फुटतो. मग कांदा घेऊन बाजारास निघालेला शेतकरी वाटेंत खोळंबतो, आजारी माणसाला दवाखान्यांत पोंचावयास उशीर होतो, आणि तोच रस्ता पुन्हां लोकांच्याच पैशानें बांधावा लागतो. गणित यंत्रानें केलें म्हणून ताळा पाहण्याचें कर्तव्य माणसाचें सुटत नाहीं. शाळेंतील पाटीवर चुकलेला अंक ओल्या फडक्यानें पुसतां येतो; डांबराखालीं पुरलेला अंक तसा पुसतां येत नाहीं.