विश्लेषण : धावत्या डेटामधली चूक दुरून कशी शोधतात?

कार्ड वापरल्यावर काही क्षणांत 'हा व्यवहार तुम्हीच केला का?' असा संदेश फोनवर येतो. अशा सेवांमागे बहुतेकदा 'स्ट्रीम प्रोसेसिंग' असते. माहिती साठवून रात्री हिशेब करण्याऐवजी ती येताक्षणीच तपासली जाते. त्यासाठी एकच प्रोग्राम अनेक सर्व्हरच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर चालतो. त्यात चूक निघाली तर ती शोधणे मात्र सोपे नसते.

हे प्रोग्राम कशावर चालतात?

'अपाचे स्टॉर्म' ही प्रणाली ट्विटरने २०११ मध्ये सर्वांसाठी खुली केली. 'अपाचे फ्लिंक'चे मूळ बर्लिनमधील 'स्ट्रॅटोस्फिअर' या संशोधन प्रकल्पात आहे. फ्लिंकमध्ये 'जॉब मॅनेजर' कामाची वाटणी करतो आणि 'टास्क मॅनेजर' प्रत्यक्ष काम करतात.

लॅपटॉपवर चूक का दिसत नाही?

लॅपटॉपवर सगळे काम सहसा एकाच प्रोसेसमध्ये होते. क्लस्टरवर नोंदी वेगवेगळ्या सर्व्हरवर विभागल्या जातात. काही उशिरा येतात, काहींचा क्रम बदलतो. नेमकी सदोष नोंद कोणत्या सर्व्हरवर गेली, हे आधी शोधावे लागते.

रिमोट डीबगिंग म्हणजे काय?

यातील बरेच प्रोग्राम जावाच्या व्हर्च्युअल मशीनवर चालतात. तिच्यात 'जेडीडब्ल्यूपी' या प्रोटोकॉलची सोय आहे. सुरू करतानाच तसा पर्याय दिला, की ठरावीक पोर्टवरून (बहुधा ५००५) अभियंता आपल्या संगणकावरून त्या प्रोसेसला जोडला जातो. हव्या त्या ओळीवर 'ब्रेकपॉइंट' लावला, की काम तिथे थांबते आणि त्या क्षणी व्हेरिएबलमध्ये काय आहे ते दिसते.

मग अडचण कुठे येते?

अडचण या थांबण्यातच आहे. फ्लिंकचे घटक 'हार्टबीट' पाठवून आपण चालू असल्याचे एकमेकांना कळवतात. मूळ सेटिंगनुसार ५० सेकंद प्रतिसाद आला नाही, तर टास्क मॅनेजर बंद पडला असे मानले जाते. प्रत्यक्षात अभियंता पडद्यावरचे आकडे वाचत असतो! स्टॉर्ममध्ये पोच देण्याची व्यवस्था वापरली असेल, तर ३० सेकंदांत प्रक्रिया पूर्ण न झालेली नोंद अयशस्वी ठरते आणि पुन्हा पाठवली जाऊ शकते. म्हणजे एकच व्यवहार दोनदा मोजला जाण्याचा धोका. चूक शोधताना नवी चूक तयार होते, ती अशी.

सुरक्षेचे काय?

जेडीडब्ल्यूपीमध्ये पासवर्डची सोयच नाही. पोर्टपर्यंत पोहोचलेली कोणीही व्यक्ती त्या प्रोसेसमध्ये स्वतःचा कोड चालवू शकते. जावा ९ पासून फक्त पोर्ट क्रमांक दिल्यास तो त्याच मशीनपुरता उघडतो. तिथपर्यंत 'एसएसएच टनेल'ने जाणे आणि काम संपताच तो पर्याय काढून टाकणे, ही किमान खबरदारी.

सुरक्षित मार्ग कोणता?

आधी न थांबवता पाहणे. लॉगमध्ये नोंदीचा क्रमांक असेल तर तिचा प्रवास शोधता येतो. कोणत्या टप्प्यावर काम तुंबले आहे, हे फ्लिंकच्या वेब पानावर दिसते. एवढ्याने भागले नाही, तर 'सेव्हपॉइंट' घेऊन, म्हणजे प्रोग्रामची त्या क्षणाची स्थिती जतन करून, तीच प्रत चाचणीच्या क्लस्टरवर चालवतात. 'काफ्का'मध्ये संदेश मूळ सेटिंगनुसार ७ दिवस राहतात, त्यामुळे तोच डेटा पुन्हा वाचता येतो. वेळमर्यादा वाढवून ब्रेकपॉइंट लावायचा तो इथे.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासावीच लागते. या प्रतीचा बाहेर जाणारा मार्ग तोडला आहे ना? तो उघडा राहिला, तर चाचणीतले जुने इशारे खऱ्या ग्राहकांच्या फोनवर पुन्हा वाजतील.