सांडपाण्याचं सामायिक बिल

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून जो नवाकोरा बनियन अंगात चढतो, तो तमिळनाडूतल्या तिरुपूरहून आलेला असण्याची शक्यता बरीच. होजिअरीचं हे गाव. देशातून परदेशी जाणाऱ्या विणीच्या कपड्यांपैकी निम्म्याहून जास्त माल इथला. २८ जानेवारी २०११ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने या गावातले रंगाई आणि ब्लीचिंगचे कारखाने सरसकट बंद करायला सांगितलं. सातशेवर कारखाने आणि त्यांची वीस सामायिक सांडपाणी केंद्रं, सगळ्यांची वीज तोडायची. विणाईची यंत्रं चालू, शिलाईची यंत्रंही चालू, पण मधला रंगाईचा दुवाच निखळला. कोऱ्या कापडाचे तागे घेऊन ट्रक शेजारच्या जिल्ह्यांत आणि परराज्यांत धावू लागले.

हे एका दिवसात झालं नव्हतं. तिरुपूरच्या मधोमध नोय्यल नदी वाहते, ती पुढे कावेरीला मिळते. गावाच्या खालच्या अंगाला ओरथुपाळयम इथे शेतीसाठी धरण बांधलं, ते १९९२ च्या सुमारास पुरं झालं. काही वर्षांतच त्यात शेतीच्या पाण्याऐवजी रंगाईचं सांडपाणी साठू लागलं. ते पिकांना सोडलं की जमीन खारवते, विहिरी खारवतात. शेवटी ज्यांच्यासाठी धरण बांधलं त्या शेतकऱ्यांनीच ते पाणी नाकारलं आणि न्यायालयाची पायरी चढली.

लोकांना दिसतो तो रंग, पण खरं दुखणं मिठाचं. सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंग नीट बसावा म्हणून रंगाच्या हौदात भरपूर मीठ टाकावं लागतं. साधं मीठ किंवा सोडियम सल्फेट. रंग धाग्यात जातो, मीठ जसंच्या तसं पाण्यात उरतं. जिवाणू सोडून, चुना-तुरटी घालून रंग उतरवता येतो, वासही जातो. मीठ मात्र जात नाही. दिसायला नितळ, चवीला खारट असं पाणी नदीत सोडून कारखानदार म्हणत, आम्ही प्रक्रिया केली आहे. आणि ते खोटंही नव्हतं, कारण सामायिक केंद्रं होतीच. ती मीठ काढण्यासाठी बांधलेलीच नव्हती.

डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, की सांडपाण्याचा थेंबही कुंपणाबाहेर जाता कामा नये. तोवर सोडलेल्या पाण्यावर लिटरमागे ६ पैशांपासून चढत जाणारा दंड लावला. लिटरला सहा पैसे ऐकायला किरकोळ वाटतात, पण दिवसाला लाखो लिटर सोडणाऱ्याच्या वहीत तो आकडा वेगळाच दिसतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारखानदारांची बाजू फेटाळली. तरी मुदती उलटत राहिल्या. मग जानेवारी २०११ चा तो हुकूम आला.

यानंतर जे घडलं ते या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण आहे. पाण्यातलं मीठ काढायचं काम कारखाना एकट्याने करू शकत नव्हता. खारं पाणी आधी दाबाने बारीक पडद्यातून गाळायचं, म्हणजे बरंचसं गोडं पाणी परत मिळतं. उरतं ते दाट, अति खारट द्रावण. ते उकळून आटवायचं तर वाफ लागते, म्हणजे इंधन लागतं, आणि तिथेच पैसा बुडतो. अरुळपुरमच्या सामायिक केंद्रात तमिळनाडू वॉटर इन्व्हेस्टमेंट कंपनीच्या मदतीने वेगळा प्रयोग झाला. ते खारट द्रावण सगळंच्या सगळं आटवायचं नाही. स्वच्छ करून रंगाच्या हौदात मिठाच्या पाण्याच्या जागी पुन्हा वापरायचं. रंगाऱ्याला तसंही मीठच हवं होतं! पाणी वाचलं, मीठ वाचलं, आटवायचा खर्च उतरला. न्यायालयाने ते चालवून दाखवायला परवानगी दिली, राज्य सरकारने केंद्रांना २०० कोटी रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं आणि एकेक केंद्र पुन्हा सुरू झालं. सगळी झाली नाहीत. जे कर्जात बुडाले ते धंद्यातून उठले.

तंत्राहून महत्त्वाची आहे ती मांडणी. प्रत्येक केंद्र म्हणजे त्या भागातल्या रंगाईवाल्यांनी मिळून काढलेली कंपनी. ज्याला जेवढं सांडपाणी पाठवायचं, त्या मानाने त्याचा हिस्सा. फाटकापाशी जाडजूड नळ, नळावर मीटर, आणि नळ जमिनीखालून थेट केंद्रात. ठरल्यापेक्षा जास्त पाणी पाठवलं तर केंद्र घेत नाही. बिल लिटरवर. म्हणजे शेजारचा कारखानदार एरवी गिऱ्हाईक पळवणारा स्पर्धक असतो, आणि केंद्राच्या बैठकीत तोच भागीदार होऊन बसतो. एकाने रात्री चोरून नाल्यात पाणी सोडलं तर उद्या सगळ्यांच्या दाराला कुलूप. २०११ चा तो अनुभव अंगावर असल्यामुळे तिथे शेजाऱ्याची नजर सरकारी निरीक्षकापेक्षा तिखट असते.

आज तिरुपूर आपलं बहुतेक रंगाईचं पाणी फिरवून वापरतं, आणि परदेशी खरेदीदारांपुढे तीच आपली जाहिरात म्हणून मांडतं. ज्या निकालाला बुडवणारा म्हटलं, तोच आता माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर! पण सगळं आलबेल नाही. आटवून उरणारं मिश्र मीठ कुणी विकत घेत नाही, ते केंद्रांच्या आवारात पोत्यांत पडून राहतं. आटवण्यासाठी लागणारी लाकडं आणि वीज हाही पर्यावरणाचाच खर्च, फक्त तो नदीत दिसत नाही.

सामायिक केंद्र म्हटलं की काम झालं, असं मानणाऱ्यांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे पाहावं. पालघर जिल्ह्यातल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत केंद्र होतं, सभासद होते, नळ होते. तरी खाडीतले मासे गेले. तिथल्या मच्छीमारांच्या वतीने मांगेला समाजाच्या संघटनेने हरित लवादाकडे धाव घेतली, आणि २०२२ मध्ये लवादाने शंभराच्या आसपास कारखाने आणि केंद्र मिळून शंभर कोटींहून अधिक भरपाई ठोठावली. दोष सामायिकपणात नव्हता. केंद्राच्या ताकदीपेक्षा जास्त पाणी येत होतं आणि कोण किती पाठवतं याचा चोख हिशोब नव्हता. असं केंद्र म्हणजे सगळ्यांच्या पापाची एकत्र मोट. जबाबदारी वाटली जाते आणि वाटता वाटता नाहीशी होते. डोंबिवलीकरांनी तर २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि २०२० मध्ये गुलाबी रस्ताही पाहिला. तिथेही सामायिक केंद्र होतंच.

धुराच्या बाबतीत गोष्ट सोपी असते, कारण इंधन बदललं की बरंचसं निभावतं. ताजमहालाच्या रक्षणासाठी डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर फिरोजाबादच्या काचभट्ट्या कोळशावरून नैसर्गिक वायूवर आल्या. गुजरातेतल्या मोरबीचे टाइल्सवाले हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशाने तसेच वायूवर आले. वायू महागल्यावर अनेकांनी प्रोपेनकडे उडी मारली, पण कोळशाच्या गॅसिफायरकडे राजरोस परतायची सोय उरली नव्हती.

न्यायालयाशिवाय हे घडतच नाही का? घडतं. त्यासाठी डेन्मार्कच्या कालुंडबोर्गला जावं लागेल. समुद्रकाठचं छोटं गाव. तिथे गोड्या पाण्याची टंचाई म्हणून १९६१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी टिसो तळ्यातून पाणी आणायचं ठरलं. १९७२ मध्ये हाच कारखाना जाळून टाकला जाणारा वायू शेजारच्या जिप्सम बोर्डाच्या कारखान्याला द्यायला लागला. पुढे वीजकेंद्राची वाफ इन्सुलिन बनवणाऱ्या नोव्होला, राख सिमेंटवाल्यांना, आणि नोव्होच्या टाक्यांत उरलेलं यीस्ट शेतकऱ्यांच्या डुकरांना. सगळे करार दोघादोघांत, नफा-तोटा पाहून झालेले. पर्यावरणाचं नाव त्याला नंतर मिळालं. या जाळ्याची कमजोरीही तिथेच दिसली. वीजकेंद्राने २०१९ मध्ये कोळसा सोडून लाकडाचे तुकडे जाळायला घेतले. हवामानासाठी चांगलंच झालं, पण कोळशाच्या धुरातलं गंधक पकडून बनणाऱ्या जिप्समची वाट आटली.

महाराष्ट्राला हे काही अगदी परकं नाही. चिपाड जाळून वीज, मळीपासून अल्कोहोल, रसाच्या गाळापासून म्हणजे प्रेसमडपासून खत, ही साखळी इथले साखर कारखाने वर्षानुवर्षं चालवतात. १९५० च्या आसपास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला, तेव्हापासून एकत्र भांडवल घालायची सवयही आहे. फरक एवढाच, की हे सगळं एका कुंपणाच्या आत, एका संचालक मंडळाखाली चालतं. शेजारच्या धंद्याशी कचऱ्याचा व्यवहार करायचा म्हटलं की गाडी अडते. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी ती थोडी पुढे ढकलली आहे. ओतकामानंतर जळून काळी झालेली वाळू आधी माळावर ओतली जाई, तीच स्वच्छ करून पुन्हा साच्यात वापरायचा सामायिक प्रकल्प त्यांच्या क्लस्टरने उभा केला.

आणि मग इचलकरंजी. तिरुपूरशी खरी तुलना करायची तर हेच गाव. यंत्रमाग, सुताला खळ देणारं सायझिंग, प्रोसेस म्हणजे कापडाची धुलाई-रंगाई, आणि शेजारून वाहणारी पंचगंगा. २०१२ मध्ये काविळीच्या साथीने गाव हादरलं, तेव्हा सगळ्यांचं बोट पाण्याकडे गेलं. पिण्यासाठी गावाला कृष्णेचं पाणी लांबून आणावं लागतं, आणि दुसऱ्या नदीचं पाणी मागितलं की त्या नदीकाठचे लोक विरोधात उभे राहतात. प्रोसेसवाल्यांचं सामायिक केंद्र इथेही आहे. पण पंचगंगेत एकटे प्रोसेसवाले पाणी सोडत नाहीत. वरच्या अंगाला कोल्हापूर शहराचं मैलापाणी आहे, वाटेत गावांचे नाले आहेत, साखर कारखाने आहेत. त्यामुळे नदी फेसाळली, मासे तरंगले, की प्रत्येकाकडे दाखवायला दुसऱ्याचा नाला तयार असतो. तिरुपूरमध्ये मिठाने गुन्हेगार कोण ते ठरवून टाकलं होतं, मैलापाण्यात तेवढं मीठ नसतं. इचलकरंजीत ते ठरवायला प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी मोजमाप लागेल, आणि त्यात नगरपालिका-महापालिकाही कारखानदारांइतक्याच हिशोबाला बांधाव्या लागतील.

दरम्यान अमरावतीजवळ नांदगाव पेठेला पीएम मित्र योजनेतलं वस्त्रोद्योग उद्यान आकाराला येतं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. सूत ते कपडा सगळं एका आवारात आणायचं, हा त्यामागचा विचार. तिरुपूरला जुन्या गल्ल्या खोदून नळ टाकावे लागले, कर्जबाजारी कारखान्यांना भागीदार करावं लागलं. इथे कोरी जमीन आहे. केंद्र आधी आणि रंगाई नंतर असा क्रम लावता येईल, प्रत्येक भूखंडाच्या करारात पाण्याचा हिस्सा आणि मीटरची अट घालता येईल, केंद्राच्या मंडळावर खालच्या गावांतल्या शेतकऱ्यांचा माणूस बसवता येईल. मिश्र मिठाची पोती कुठे ठेवायची, हेही पहिला हौद भरण्याआधी ठरवावं लागेल.