जखम भरते कशी? पेशी आणि कोलॅजेनची पकड

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली दगावली, हजारो जखमी झाली. डॉक्टरांनी जखमा धुतल्या, टाके घातले. परंतु टाके कातडीच्या कडा जवळ आणतात, एवढेच. जखम भरण्याचे काम शरीरातील पेशीच करतात. ते कसे, हे आपण समजून घेऊ.

आपल्या शरीरातील प्रथिनांपैकी सुमारे एक तृतीयांश प्रथिन कोलॅजेन हे होय. कातडी, हाडे व कूर्चा यांना त्याच्यामुळे बळकटी येते. त्याची रचना पीळ घातलेल्या तीन पदरी दोरीसारखी असते. हे १९५४ साली मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था या भारतीय शास्त्रज्ञांनी मांडले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

पेशीला ही दोरी धरता येते ती इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांमुळे. हे नाव १९८६ साली रूढ झाले. अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचे हे जोडपे पेशीच्या आवरणात आरपार ठोकलेल्या खुंटीसारखे असते. बाहेरचे टोक कोलॅजेन पकडते. आतले टोक इतर प्रथिनांमार्फत पेशीच्या अंतर्गत तंतूंना जोडलेले असते. कोलॅजेन धरणारी इंटेग्रिने मुख्यतः चार आहेत. त्यांपैकी अल्फा-२ बीटा-१ ची पकड २००० साली स्फटिकाच्या अभ्यासातून स्पष्ट दिसली. कोलॅजेनमधील ग्लुटामेट हे अमिनो आम्ल आणि इंटेग्रिन यांच्यामध्ये मॅग्नेशियमचा एक कण दुव्याचे काम करतो.

जखम झाली की कातडीखालचे कोलॅजेन उघडे पडते. रक्तातील बिंबिका त्याला चिकटतात व रक्त थांबू लागते. पुढे तंतुजनक पेशी तेथे येतात, नवे कोलॅजेन तयार करतात, त्याला धरून ओढतात आणि जखम आकसत जाते. पकड नसेल तर हे ओढणे शक्यच नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. कोलॅजेनच्या दोरीला पक्का पीळ बसण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर तीन पदर शरीराच्या उष्णतेत सुटे होतात, आणि ही इंटेग्रिने तर पीळ असलेलीच दोरी ओळखतात. म्हणूनच स्कर्व्ही रोगात हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत, जुने व्रणसुद्धा पुन्हा उघडतात.

आपल्याकडे गरिबाच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि वरण असते. भाकरीने पोट भरते, पण तिच्यात क जीवनसत्त्व नाही. ते पेरू, आवळा, लिंबू आणि कच्च्या हिरव्या मिरचीत आहे. शिजवल्याने ते बरेच नष्ट होते. म्हणून जखमी माणसाला, बाळंतिणीला, शस्त्रक्रिया झालेल्याला 'फळ बाधते' म्हणून उपाशी ठेवू नये. अंगारा लावून जखम भरत नाही. जखम स्वच्छ ठेवावी, डॉक्टरांना दाखवावी आणि ताटात लिंबाची फोड असावी.

'लातूर पॅटर्न'ने अभ्यास करणारी आपली मुले-मुली जीवशास्त्र पाठ करतात. त्यांनी हे ज्ञान आपल्या वस्तीतील आजीपर्यंतही पोहोचवावे. गुणांइतकेच मोल त्याला आहे.