अर्धस्वयंचलित रायफलीतील बिघाड

अर्धस्वयंचलित रायफल : यांत्रिक बिघाड व त्यांचे निवारण. चाप एकदा ओढला असता एकच गोळी सुटते व पुढील काडतूस आपोआप भरले जाते, अशा रायफलीस अर्धस्वयंचलित रायफल म्हणतात (→ रायफल). अमेरिकेने १९३६ मध्ये स्वीकारलेली एम १ गॅरंड, तसेच बेल्जियन एफ. एन. रायफलीवरून ब्रिटनने व भारताने घेतलेली ७·६२ मिमी. एस. एल. आर. ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. भारतीय एस. एल. आर. इशापूर (प. बंगाल) येथील कारखान्यात तयार होत असे, पुढे सैन्यात तिची जागा इन्सास रायफलीने घेतली.

या रायफलींत दारूच्या ज्वलनातून निर्माण झालेल्या वायूचा काही अंश नळीच्या छिद्रातून बाहेर घेऊन दट्ट्या ढकलला जातो. त्यामुळे बोल्टची अडकण सुटून तो मागे सरकतो. निष्कर्षक रिकामे काडतूस कोठीतून ओढतो, उत्क्षेपक ते बाहेर फेकतो व हातोडी ताणली जाते. नंतर परतीची स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते व काडतूसपेटीतील नवे काडतूस कोठीत बसते. या साखळीतील एक कडी निकामी झाली, तरी रायफल थांबते. म्हणून ती कोणत्या टप्प्यावर थांबली हे पाहणे, हीच निदानाची पहिली पायरी होय.

कोणत्याही तपासणीपूर्वी नळीचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवून, काडतूसपेटी काढून कोठी रिकामी असल्याची डोळ्यांनी खात्री करावी लागते. चाप ओढूनही बार न झाल्यास तो विलंबाने होण्याचा संभव असतो. यास्तव सरावाच्या वेळी बोल्ट लगेच न उघडता सु. ३० सेकंद थांबतात. आवाज नेहमीपेक्षा क्षीण आल्यास गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्या स्थितीत दुसरा बार केल्यास नळी फुटते.

नवे काडतूस न भरले गेल्यास प्रथम काडतूसपेटीचा संशय घ्यावा. तिची स्प्रिंग मलूल झालेली असते किंवा वरच्या कडा वाकलेल्या असतात. पेटी बदलताच दोष नाहीसा झाला, तर तो रायफलीचा नव्हे. बार न होण्यास सदोष काडतूस, आघातपिनीची झीज अथवा तुटलेली पिन कारणीभूत असते. रिकामे काडतूस कोठीतच राहिल्यास निष्कर्षकाची झीज, त्याची कमजोर स्प्रिंग अथवा गंजलेली, मळलेली कोठी तपासावी.

बोल्ट पुरेसा मागे न येणे, हा वायूच्या अपुऱ्या दाबाचा परिणाम होय. एस. एल. आर. मध्ये यासाठी वायुनियामक असतो. काजळी साचून चाल मंदावल्यास तो बंद करत नेला म्हणजे दट्ट्याकडे अधिक वायू जातो. परंतु गरजेपेक्षा जास्त वायू दिल्यास काडतुसाची कड फाटते व भागांवर आघात होऊन त्यांची झीज वाढते. नियामकाने दोष झाकला जातो, काजळी निघत नाही. शक्य होताच सफाई करणे हाच खरा उपाय. ब्रिटिश बनावटीत वाळू अडकू नये म्हणून बोल्टच्या वाहकावर नागमोडी खाचा ठेवल्या होत्या.

बिघाडाचे मूळ प्रत्येक वेळी सैनिकाच्या हातात नसते. व्हिएटनाम युद्धात अर्धस्वयंचलित व स्वयंचलित अशा दोन्ही प्रकारे चालणारी एम १६ रायफल १९६६-६७ मध्ये वारंवार अडकू लागली. रिकामे काडतूस कोठीत घट्ट बसे व शत्रूसमोर ते सळईने ठोकून काढावे लागे. यात सैनिक प्राणास मुकले. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने १९६७ मध्ये चौकशी केली. काडतुसातील दारूचा प्रकार बदलला होता, कोठीस क्रोमियमचा मुलामा नव्हता आणि सफाईचे साहित्य व प्रशिक्षण अपुरे होते. पुढे कोठीस मुलामा देण्यात आला, बोल्टच्या आघातशोषकात सुधारणा झाली व सफाईचे साहित्य पुरविण्यात आले. रायफल, दारूगोळा व निगा ही तिन्ही मिळून एकच यंत्रणा ठरते, हा त्यातून मिळालेला धडा होय.