संग्रहातून वगळण्याचा विवेक

जतन करणे पुण्यकर्म आणि काढून टाकणे पाप, अशी संग्राहकांची सर्वसाधारण समजूत असते. परंतु कपाटातील जागा जशी मर्यादित, तशीच संगणकातीलही. म्हणून खरा प्रश्न काढावे की नाही हा नसून कोणती खबरदारी घेऊन काढावे, हा आहे.

आमचा जोयडा तालुका एके काळी सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. काळी नदीवरील 101 मीटर उंच धरणाच्या जलाशयात मूळ सुपा गाव बुडाले. तेथील अनेक कुटुंबे रामनगरास वसविण्यात आली. त्यांतील वृद्धांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे आमच्या शाळेत काही वर्षे जमविली जात आहेत. मध्यंतरी संगणकात जागा उरली नाही, तेव्हा 'दुसरीकडे प्रत आहे' एवढ्या आठवणीवर आम्ही काही मुद्रणे पुसली. पुढे पाहता त्यांतील सहा दुसरीकडे नव्हतीच. आणि त्यांतील दोघे वक्ते तोवर निवर्तले होते. दोष सर्वस्वी आमचा. प्रस्तुत लेख त्यातूनच उद्भवला आहे.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी 2005 मध्ये निर्मिलेली 'गिट' ही प्रणाली लेखनाचे प्रत्येक स्थित्यंतर नोंदवून ठेवते. तीत आजच्या यादीतून एखादी फाईल काढली, तरी तिचा आशय जुन्या नोंदींत राहतोच. त्यामुळे जागा मोकळी होत नाही. ध्वनिमुद्रणांसारख्या मोठ्या फायलींसाठी जोई हेस यांनी 2010 मध्ये 'गिट-अ‍ॅनेक्स' रचले. त्यात गिटच्या नोंदीत फाईलचे नाव आणि आशयावरून काढलेली खूण एवढेच राहते. प्रत्यक्ष आशय निराळा ठेवला जातो. कोणत्या भांडारात कोणाची प्रत आहे, याचीही नोंद असते.

यातील 'ड्रॉप' ही आज्ञा विशेष मननीय आहे. आशय पुसण्यापूर्वी ती नोंदवहीवर विसंबत नाही. दुसऱ्या भांडारांकडे प्रत्यक्ष चौकशी करते. ठरविलेल्या संख्येइतक्या प्रती अन्यत्र आढळल्या नाहीत, तर ती पुसण्यास साफ नकार देते. ही संख्या मुळात एक असते; आम्ही ती दोन केली आहे. शिवाय दोन भांडारे एकमेकांच्या भरवशावर एकाच वेळी आपापली प्रत पुसतील, हा धोका ओळखून पुसणे पुरे होईपर्यंत समोरची प्रत कुलूपबंद करण्याची सोय आहे. आशय गेला तरी नाव राहते, आणि 'गेट' म्हणताच तो परत येतो. मात्र बळजबरीची आज्ञा दिली, किंवा एखादे भांडार आपण 'विश्वसनीय' ठरविले, की ही तपासणी गळते. 'निरुपयोगी' आशयाची यादीही जपून वाचावी. शाखांच्या टोकांवर आणि खुणेच्या नावांवर नसलेला, परंतु जुन्या नोंदींना लागणारा आशयही तीत येतो.

हा विवेक आपल्या परंपरेला अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत प्रक्षिप्त ठरलेला मजकूर फेकून दिलेला नाही. लहान भाग तळटीपांत, मोठे भाग परिशिष्टांत घातले. गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची सर्वपरिचित कथा मूळ संहितेतून उतरली, पण आदिपर्वाच्या परिशिष्टात वाचावयास मिळते. संपादकाचा निर्णय चुकला, तर वाचकास तो तपासता यावा, हा त्यामागील हेतू.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. एखाद्याची खासगी माहिती चुकून नोंदली गेली असता ती समूळ काढावयाची असते. त्यासाठी सगळा इतिहास नव्याने लिहावा लागतो, आणि इतरांनी घेतलेल्या प्रती तरीही उरतातच. तेथे आधीची सावधगिरी हाच उपाय होय.

शिक्षक बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच: शाळेचा संग्रह पुसण्यापूर्वी दुसरी प्रत उघडून ऐकावी. ती आहे असे आठवणे पुरेसे नाही.