घरगुती सौरसंच आणि वीजतंत्र्याची पात्रता

सांगली आणि मिरज या शहरांच्या दरम्यान वसलेला विश्रामबाग हा परिसर तेथील शिक्षणसंस्थांमुळे सर्वपरिचित आहे. 1919 मध्ये सुरू झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि 1947 मध्ये स्थापन झालेले, पुढे वालचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले अभियांत्रिकी महाविद्यालय याच परिसरात आहे. येथील वसाहतींच्या गच्च्यांवर आता सौरफलके दिसू लागली आहेत. शेजारच्या सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटे गाव 2024 मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’ने या कार्यास मोठी चालना दिली. देशातील 1 कोटी घरांपर्यंत पोहोचण्याचे या योजनेचे उद्दिष्ट आहे. पहिल्या 2 किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला 30 हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला 18 हजार रुपये, याप्रमाणे एका घरास अधिकाधिक 78 हजार रुपये केंद्रीय अर्थसाहाय्य त्यात ठरविण्यात आले. अनुदान किती व वीजबिल किती कमी होईल, याची चौकशी प्रत्येक ग्राहक करतो. मात्र गच्चीवर चढून प्रत्यक्ष जोडणी करणारी व्यक्ती त्या कामास पात्र आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः घराची सुरक्षितता या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

सौरवीज वेगळी कशी?

घरातील नेहमीच्या वायरिंगचे काम करताना मेन स्विच बंद केला की पुढील तारांतील प्रवाह थांबतो. सौरफलकास असा स्विच नसतो. ऊन पडले आहे तोवर फलकाच्या टोकांशी विद्युतदाब असतोच. अलीकडील एका फलकाचा दाब साधारणतः 40 ते 50 व्होल्ट असतो. 3 किलोवॉटच्या संचातील सहा फलके एकापुढे एक जोडली की तो सुमारे 300 व्होल्टपर्यंत जातो.

शिवाय हा प्रवाह एकदिश, म्हणजे डी.सी. असतो. घरात येणारा ए.सी. प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी विझण्यास मदत होते. डी.सी. प्रवाह शून्यावर येत नाही, म्हणून सैल राहिलेल्या जोडातील ठिणगी तशीच धगधगत राहून आग लागण्याचा संभव असतो. ए.सी.साठी बनविलेला स्विच डी.सी. बाजूस बसविणे याच कारणाने धोक्याचे ठरते. घरगुती वायरिंगचा वीस वर्षांचा अनुभव असलेल्या कारागिरासही हे भेद मुद्दाम शिकावे लागतात.

कृष्णाकाठी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी 57 फुटांवर गेली होती. जुलै 2021 मध्येही पूर आला. पुराच्या वेळी परिसराचा वीजपुरवठा खंडित केला जातो. वाहिनीतील वीज जाताच संचाचा इन्व्हर्टर वाहिनीकडे वीज सोडणे आपोआप थांबवतो आणि दुरुस्ती करणाऱ्या वीज कर्मचाऱ्याचे त्यामुळे रक्षण होते. तथापि फलकांपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत दिवसा दाब कायम राहतो. म्हणून सखल भागात इन्व्हर्टर पूररेषेच्या वर बसविणे आणि फलकांची बाजू तोडणारा डी.सी. स्विच हाताशी ठेवणे अगत्याचे आहे.

तीन स्वतंत्र बाबी

पात्रतेचा विचार करताना तीन बाबींची गल्लत होते. त्या परस्परांस पर्याय नाहीत.

पहिली बाब कायद्याची. वीजसंच मांडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याकडून करून घ्यावे, हा दंडक 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या व त्यांची जागा घेणाऱ्या 2023 च्या सुरक्षा विनियमांतही तो कायम आहे. महाराष्ट्रात हे परवाने अनुज्ञापक मंडळामार्फत दिले जातात.

दुसरी बाब प्रशिक्षणाची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व तारतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम हा त्याचा पाया होय. त्यावर सौरविषयक शिक्षणाची जोड हवी. त्यासाठी गुरुग्राम येथील राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने 2015 मध्ये ‘सूर्यमित्र’ कार्यक्रम सुरू झाला. दहावी उत्तीर्ण व वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी यांसारखा व्यवसाय शिकलेल्या तरुणांसाठी 600 तासांचा निवासी अभ्यासक्रम त्यात आखण्यात आला. औद्योगिक प्रशिक्षणाच्या व्यवसायांत ‘सोलर टेक्निशियन’ हा एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे. मात्र असे प्रमाणपत्र कौशल्याची साक्ष देते. कायद्याने आवश्यक असलेला परवाना त्यामुळे मिळत नाही. त्याचप्रमाणे परवाना हातात आहे म्हणून सौरसंचाचे ज्ञान आहे, असेही मानता येत नाही.

तिसरी बाब पुरवठादाराच्या नोंदणीची. सूर्यघर योजनेत नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच काम करून घ्यावे लागते आणि त्याने पाच वर्षे देखभाल करावयाची असते. ही नोंदणी संस्थेची असते. गच्चीवर येणाऱ्या कारागिराची पात्रता तिच्यातून आपोआप सिद्ध होत नाही.

ग्रामपंचायती व शिक्षकांचे साहाय्य

करारावर सही करण्यापूर्वी ग्राहकाने ठेकेदाराच्या परवान्याचा क्रमांक व मुदत पाहावी. पर्यवेक्षक कोण, जोडणी करणारा सौर प्रशिक्षण घेतलेला आहे काय, हेही विचारावे. काम पूर्ण होताच जोडणीचा आराखडा आणि अर्थिंगच्या चाचणीची लेखी नोंद मागून घ्यावी. डी.सी. बाजू, ए.सी. बाजू आणि वीजरोधक यांचे अर्थिंग स्वतंत्र असावे. सांगाडा वाऱ्याला टिकेल अशा रीतीने, परंतु स्लॅबला गळती न लागता बसविला आहे, याचीही खात्री करावी.

ग्रामपंचायतींनी ही प्रश्नावली सूचनाफलकावर लावल्यास अनेक कुटुंबांची फसगत टळेल. ग्रामपंचायत कार्यालय किंवा शाळेच्या छतावरील संचाचे काम देताना हीच कागदपत्रे दप्तरी ठेवता येतील. माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना या व्यवसायाची माहिती दिल्यास गावातच कुशल हात तयार होतील.

सौरफलकाचे आयुष्य सुमारे 25 वर्षांचे मानले जाते. एवढा काळ जो संच कुटुंबाच्या डोक्यावर राहणार, त्याची जोडणी एक-दोन दिवसांत होते. त्या एक-दोन दिवसांत गच्चीवर पात्र माणूस असावा, एवढी दक्षता घेणे प्रत्येक कुटुंबास शक्य आहे.