मोरीच्या पाइपाला ट्यूबची पट्टी

बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयाला कवी मोरोपंत (१७२९–१७९४) राहिले, त्या काळी घराला सांडपाण्याचा पाइप हा प्रकारच नव्हता. मोरीचं पाणी पन्हळीतून परसातल्या केळीला नाहीतर अळवाला जायचं. बारामती-इंदापूरच्या जुन्या पेठांतल्या घरांना पाइप आले ते फार नंतर. भिंती फोडून, जागा मिळेल तिथून. आधी बिडाचे, मग सिमेंटचे, आता पीव्हीसीचे. एकाच घरात हे तिन्ही एकाला एक जोडलेले सापडतात आणि गळती बहुधा या सोयरिकीच्या ठिकाणीच सुरू होते.

प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणतो. तोवर घरातली मंडळी एम-सील, व्हाइट सिमेंट, सायकलची ट्यूब, जे हाताशी येईल ते लावतात. तात्पुरता इलाज करण्यात काहीच गैर नाही. घोटाळा होतो तो त्यामागच्या समजुतींमुळे.

पहिली समजूत: जिथे ओल, तिथेच गळती. जुन्या घरात पाणी तुळईवरून, पाइपाच्या पाठीवरून, भिंतीतल्या मातीतून वाट काढत चार हात लांब जाऊन टिपकतं. शिवाय बिडाचा पाइप गंजतो तो अनेकदा भिंतीकडच्या अंगाने, कारण तिथे रंगाऱ्याचा ब्रश पोहोचत नाही. समोरून पाइप ठणठणीत दिसतो. मोबाइलचा कॅमेरा मागे सरकवून फोटो काढला की चीर सापडते. एरवी निळीचं पाणी हा सर्वांत स्वस्त तपास. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ते एकाच मोरीत ओतायचं, ओलीपाशी पांढरं फडकं लावायचं आणि अर्धा तास थांबायचं. फडकं निळं झालं नाही तर पुढची मोरी. एकदम सगळीकडे ओतलं तर काहीच कळत नाही. कुठेच निळं आलं नाही, तर संशय नळाच्या लाइनीवर. आणि नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल, तर तीही गळती रोज दिसत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

‘सांडपाण्याच्या पाइपात दाब नसतो, काहीही गुंडाळा.’ हे अर्धं खरं. वाहत्या पाइपात दाब जवळजवळ नसतोच, म्हणून तर साधी पट्टीही तग धरते. पण खाली कुठे तुंबलं की वरचा पाइप पाण्याने भरत जातो. १० मीटर उंच पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो; दुमजली घरात ६ मीटर भरलं तरी अर्ध्या किलोच्या वर जातो. मग पट्टीच काय, जुना जोडही उकलतो. म्हणून आधी तुंबलेलं काढायचं, मग बांधायचं.

बांधायचं कसं? तारेच्या ब्रशने गंज आणि चिकटा काढून पाइप कोरडा करायचा. सायकलच्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापायची. चिरेच्या चार बोटं खालून सुरुवात करून, ताणत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत वर जायचं. दोन्ही टोकांना क्लॅम्प. गंजून पातळ झालेल्या बिडावर मात्र स्क्रू आवळताना हात आवरायचा, नाहीतर चिरेचं भोक होतं. सिमेंटच्या जुन्या पाइपाला ब्रशही नको आणि ग्राइंडर तर नकोच. त्यात ॲसबेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुफ्फुसात जाणं घातक. तो ओल्या फडक्यानेच पुसावा.

‘वरून सोल्युशन लावलं की पीव्हीसी सांधतो’ ही आणखी एक ठाम समजूत. सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मऊ करतं आणि एकमेकांत घट्ट बसलेले दोन भाग एकजीव होतात. चिरेवर नुसतं फासलं तर साय धरते, तेवढंच. इथे उसाच्या पट्ट्यातली युक्ती कामी येते. त्याच मापाच्या पाइपाचा वीतभर तुकडा उभा चिरायचा, आतून सोल्युशन लावून चिरेवर खोगिरासारखा चढवायचा आणि वाळेपर्यंत तारेने आवळून ठेवायचा. गोठ्यामागे पडलेला शेतीचा पाइप एवढ्यापुरता सोन्यासारखा. पण सगळी लाइनच त्याची करू नये. घरासाठीच्या एसडब्ल्यूआर पाइपाला गोलसर वळणाचे, साफ करायला दरवाजा असलेले बेंड मिळतात. शेतीच्या काटकोनी एल्बोत घाण अडकली तर कापण्यावाचून गत्यंतर नसतं. एसडब्ल्यूआरमध्येही ‘ए’ प्रकार पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेसाठी असतो. सांडपाण्याला जाड ‘बी’ प्रकार लागतो. दुकानात हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा.

व्हाइट सिमेंटचं दुखणं निराळं. ते कडक, पण जोड हलता. या भागातली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जमिनीतला पाइप तिच्याबरोबर वर-खाली होतो. सिमेंटच्या थापेला तेव्हा तडा जाणारच. खणलंच आहे तर पाइपाखाली काळी माती परत न लोटता बारीक मुरूम टाकावा.

वास आला म्हणजे पाइप फुटला, असंही नाही. पाहुण्यांसाठी राखलेल्या मोरीचा ट्रॅप सुकला की वास वर येतो. तांब्याभर पाणी हाच इलाज. बंबातलं उकळतं पाणी मात्र पीव्हीसीत थेट ओतू नये, तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो.

राहिली सर्वांत महाग पडणारी समजूत: ‘गळू दे, घाणच तर आहे.’ लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर १८५४मध्ये कॉलऱ्याने सहाशेहून अधिक माणसं गेली. डॉ. जॉन स्नो यांचा संशय तिथल्या सार्वजनिक पंपावर होता. नंतर खणून पाहिलं, तर शेजारच्या जुन्या घराच्या मैलाखड्ड्याच्या विटा ढिल्या झाल्या होत्या आणि तो पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्याही आत होता. वाड्यात अजून आड असेल, किंवा नळाची लाइन मोरीच्या पाइपाच्याच चरातून आली असेल, तर पट्टी बांधून निश्चिंत होऊ नये. ती मोरी बंद ठेवावी, पिण्याचं पाणी उकळावं आणि प्लंबरला ‘उद्या’ऐवजी आजच आणावं.